काही जागा राखीव

संध्याकाळी सहाच्या सुमाराला नाशिकच्या टिळकपथावरून चालायचं तर अंग चोरूनच चालावं लागतं. रिक्षा, दुचाक्या, मेनरोडवरून पिशव्या भरून परतणारी माणसं, आणि या सगळ्यांतून वाट काढणारा एखादा हातगाडीवाला. या गजबजाटातच सार्वजनिक वाचनालय उभं आहे. गावात सगळे त्याला 'सावाना' म्हणतात. संस्था १८४० सालची. पेशवाई जाऊन तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती आणि मुंबई विद्यापीठ निघायला अजून सतरा वर्षं होती. इथल्या मु. शं. औरंगाबादकर सभागृहात कथावाचन, काव्यवाचन, पुस्तकावरची चर्चा असं काही ना काही चाललेलं असतं. आत जाऊन बसलं तरी बाहेरचा हॉर्न पुरता थांबत नाही. वाचणाऱ्याच्या आवाजाखाली तो बारीक ऐकू येत राहतो. मला ते आवडतं. गावाच्या मधोमध बसून आपण कथा ऐकतो आहोत, याची जाणीव त्याने राहते.

महाराष्ट्रात अशा जागा पुष्कळ आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. गावं वेगळी असली तरी संध्याकाळचा वास एकच. जुन्या कागदाचा, लोखंडी कपाटांचा, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी एक गृहस्थ अग्रलेख वाचता वाचता पेंगत असतात. त्यांना कार्यक्रमाशी देणंघेणं नसतं; पण पंखा तिकडचा चांगला, म्हणून शेवटी तेही सभागृहात येऊन बसतात. आयोजकांना तेवढंच एक डोकं जास्त.

दाराशी फळा असतो. खडूने, वळणदार अक्षरात कार्यक्रम लिहिलेला असतो आणि खाली न चुकता दोन ओळी: 'प्रवेश विनामूल्य. काही जागा राखीव.' या दुसऱ्या ओळीचं मला नेहमी नवल वाटतं. शंभर खुर्च्या मांडलेल्या, येणार चाळीस माणसं, आणि त्यातही जागा राखीव! राखीव म्हणजे पहिल्या रांगेतला सोफा. तो ज्यांच्यासाठी असतो ते एक तर येत नाहीत, किंवा उशिरा येऊन सत्कार झाला की 'पुढे एक कार्यक्रम आहे' म्हणून निघून जातात. उरलेले सगळे मागच्या रांगांपासून भरत येतात. दाराजवळची खुर्ची आधी जाते, कारण तिथून उठून जाणं सोपं. मध्ये चार-पाच रांगा रिकाम्या. वाचणारा बिचारा त्या रिकाम्या खुर्च्यांवरून आवाज फेकत राहतो.

वाचन सुरू होण्याआधीचा अर्धा तास हा आपल्याकडचा खास प्रकार आहे. दीपप्रज्वलन, त्यात काडी विझणं, मग दुसरी काडी. शारदेच्या तसबिरीला हार. स्वागतगीत. प्रास्ताविक. पाहुण्यांचा परिचय, जो पाहुण्यांनीच लिहून दिलेला असतो आणि तरी वाचणाऱ्याला त्यातलं एखादं पुस्तकाचं नाव धड वाचता येत नाही. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आली आहे, हे चांगलं झालं. पण तेही पुस्तक चकचकीत कागदात बांधून देतात, आणि ते कोणतं आहे हे घरी जाईपर्यंत कोणालाच कळत नाही. हे सगळं होईपर्यंत ऐकणाऱ्याचं पहिलं ताजं लक्ष खर्चून गेलेलं असतं. आणि वाचनाच्या कार्यक्रमाचं खरं भांडवल तर तेवढंच असतं.

माझं म्हणणं असं आहे की असे कार्यक्रम वाचणाऱ्यावर कमी आणि ऐकणाऱ्यांवर जास्त उभे असतात. लेखक बरा असला, आवाज बरा असला, तरी ऐकणारे कच्चे असतील तर संध्याकाळ फुकट जाते. उलट, साधं, अडखळत वाचणारा एखादा नवखा कथाकार चांगल्या श्रोत्यांसमोर उभा राहिला की त्याच्या कथेला त्याला स्वतःलाही माहीत नसलेले कोपरे फुटतात.

हे ऐकणं आपल्याकडे आलं कुठून? वाचनालयं त्या मानाने नवी. त्यांच्या कितीतरी आधीपासून चातुर्मासात देवळाच्या सभामंडपात, वाड्याच्या ओसरीवर पोथी लागत असे. एकजण वाचणार, बाकीचे ऐकणार. श्रीधरकवीचा हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत, श्रावणात नवनाथ. ऐकणाऱ्या बायांचे हात मोकळे नसत, कापसाच्या वाती वळणं चालू असे. कान मात्र पोथीवर. पुढे काय होणार हे प्रत्येकीला ठाऊक असे, तरी त्या यायच्या. गोष्ट माहीत असूनही पुन्हा ऐकायला जाण्यात काय गोडी आहे, हे ज्याला कळलं त्याला साहित्य ऐकण्याचं निम्मं शिक्षण झालं असं मी समजतो. कीर्तनकाराने त्यात आणखी भर घातली. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. म्हणजे आधी विचार, मग गोष्ट. आपल्या व्याख्यात्यांनी हा क्रम उचलला, फक्त पुष्कळांनी उत्तररंग गाळला.

सामूहिक वाचनाची दुसरीही एक वाट होती, आणि ती ओसरीवरून जात नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' १९२० साली निघालं, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. ज्या वस्त्यांत अक्षर ओळखणारा एखादाच होता, तिथे त्या एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचं. ते ऐकणं करमणुकीचं नव्हतं, पुण्य मिळवण्याचंही नव्हतं. वाचनालयाच्या सभागृहाचा इतिहास सांगताना आपण पोथी आणि कीर्तन आठवतो. ही दुसरी बैठक सहसा विसरतो.

मग साठच्या दशकापासून कथाकथन नावाची मोठी लाट आली. कोल्हापूरकडचे शंकर पाटील, पंढरपूरचे द. मा. मिरासदार, माणदेशातले व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव हिंडले. गणेशोत्सवाचे मांडव, शाळांची पटांगणं, व्याख्यानमाला, सगळीकडे. त्यांच्या कथा लोकांनी आधी ऐकल्या आणि मग वाचल्या, असंही पुष्कळ घरांत झालं. व. पु. काळ्यांनी तर मुंबई महापालिकेतली वास्तुविशारदाची नोकरी सांभाळून कथाकथन केलं, आणि पुढे त्यांच्या कॅसेट दिवाणखान्यांत पोहोचल्या. मंगेश पाडगावकर, विंदा करंदीकर आणि वसंत बापट या तिघांनी कवितेसाठी तेच केलं. तीन वेगळ्या घाटाचे कवी एका व्यासपीठावर. एकाची कविता आवडायला आलेला माणूस दुसऱ्याची घेऊन घरी जायचा. कवितेला गर्दी होते, हे त्यांनी दाखवून दिलं.

या लाटेने मराठी माणसाला खूप दिलं, त्याबद्दल दुमत नाही. पण तिने सभागृहाला एक सवयही लावली. कथा म्हणजे हसवणार, ही ती सवय. कथाकार उभा राहिला की लोक हसण्याच्या तयारीत बसतात. पहिल्या दोन मिनिटांत हशा आला नाही तर चुळबूळ सुरू. शंकर पाटलांच्या विनोदाखाली किती दुःख दबलेलं आहे, हे त्या हशाच्या भरात ऐकू येत नाही. कथाकार बाबुराव बागूल याच नाशिकचे, विहितगावचे. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा. कथाकथनाच्या भरभराटीचाच तो काळ. पण त्या कथा हशाच्या सभागृहात बसणाऱ्या नव्हत्या. तसली कथा मोठ्याने वाचली की शेवटी टाळ्या वाजवाव्यात की नाही, हेच कळत नाही. कोणी तरी घसा खाकरतं. कोणी चष्मा पुसतं. सूत्रसंचालकाला पुढचं वाक्य सुचत नाही. माझ्या मते वाचनाच्या कार्यक्रमाची सगळ्यात मोलाची वेळ हीच, आणि नेमक्या त्या वेळी घाईने माईक हातात घेऊन 'किती सुंदर कथा, नाही का?' म्हणणाऱ्या सूत्रसंचालकाला एक वर्ष तरी माईक देऊ नये.

म्हणूनच मला सांगण्यापेक्षा वाचणं जास्त भावतं. सांगणारा तुमच्या चेहऱ्याकडे बघून कथा वाकवतो. हशा मिळाला तिथे रेंगाळतो. वाचणारा कागदाला बांधलेला असतो. लिहिलेलं वाक्य जसं आहे तसं त्याला उच्चारावंच लागतं, आणि ते कच्चं असेल तर त्याच्याच कानाला तिथल्या तिथे कळतं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कवितांचे कार्यक्रम केले तेव्हा पु. लं.सारख्या हुकमी रंगकर्मीने स्वतःला आवरलं आणि कवितेला पुढे केलं. लोकांना हसवणं हा त्यांच्या हातचा मळ होता. तरी ते आवरणं त्यांना जमलं. जी. ए. कुलकर्णी तर माणसांच्या गर्दीपासून आयुष्यभर लांब राहिले. पण आज त्यांची एखादी दीर्घ कथा कोणी नीट वाचली, तर सभागृहात खोकलाही येत नाही. लेखक समोर असलाच पाहिजे असं नाही, हे जी. एं.नी न बोलता सिद्ध केलं.

पुस्तकाच्या दुकानातल्या बैठकीचा रंग मात्र वेगळा. तिथे खुर्च्या कमी, माणसं कपाटांना टेकून उभी. एकीकडे लेखक वाचतो आहे आणि दुसरीकडे एक बाई हळूच फळीवरचं पाककृतीचं पुस्तक काढून चाळते आहे. गल्ल्यावरचा माणूस निम्मं लक्ष लेखकाकडे आणि निम्मं दाराकडे ठेवून असतो. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांना प्रकाशक आणि विक्रेता म्हणून हे बरोबर उमगलं होतं, की वाचकाला लेखक भेटवला तर पुस्तक आपोआप भेटतं. लेखक-वाचकांना समोरासमोर आणणाऱ्या 'मॅजेस्टिक गप्पा' त्यातूनच उभ्या राहिल्या. पण अशी दुकानं टिकतातच असं नाही. मुंबईच्या फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली बंद झालं. त्याच भागातलं किताबखाना हे दुकान मात्र २०११ पासून आहे. मोठ्या शहरांत दुकान बंद पडलं तर निदान बातमी होते. तालुक्याच्या गावात स्टेशनरी, वह्या आणि मार्गदर्शकं यांच्या मागे दोन फळ्या कथा-कादंबऱ्यांच्या राहतात, आणि एक दिवस त्या फळ्यांवर भेटवस्तू येतात. त्याची बातमी होत नाही.

अशा गावात उरतं ते वाचनालय. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यभर गावागावांत सार्वजनिक वाचनालयं उभी राहिली. त्यांना 'अ'पासून 'ड'पर्यंत वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. पुस्तकखरेदी, विजेचं बिल, कर्मचाऱ्यांचा पगार, सगळं त्या अनुदानाच्या भरवशावर. ग्रंथपाल बाईच फळा लिहितात, खुर्च्या मांडतात, माईक लावतात, चहा सांगतात, आभार मानतात. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला आणि मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला. या दोन दिवशी वरून परिपत्रक आल्यामुळे कार्यक्रम होतो, त्याचे फोटो काढले जातात, अहवाल जातो. उरलेल्या दिवसांत जो कार्यक्रम होतो तो कोणाच्या तरी हौसेवर. आपल्याकडची साहित्यिक संस्कृती म्हणून जे काही आहे त्याचा फार मोठा भाग या हौसेच्या जिवावर चालला आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला संमेलन. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. मांडव भव्य, पुस्तकांचे गाळे, वाहनतळ, भोजनव्यवस्था.  संमेलनं हवीत, पुस्तकं तिथे खपतात, माणसं भेटतात. पण हजारोंच्या मांडवात कथा ऐकू येत नाही. तिथे भाषण ऐकू येतं. कथेला पन्नासच्या आतली माणसं लागतात.

तरुण येत नाहीत, ही या सभागृहांतली कायमची तक्रार. ती अर्धीच खरी आहे. तरुण येतात, पण या सभागृहात येत नाहीत. ते कॉफीच्या दुकानात, कोणाच्या गच्चीवर, मोबाइलवरून कविता वाचतात आणि एकमेकांना टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवून दाद देतात. तिथे हार नसतो, प्रास्ताविक नसतं. आपण विचार करावा असं काही त्यात नक्की आहे. काही गावांत बायकांनी पुस्तक भिशी सुरू केली आहे. दरमहा ठरावीक रक्कम काढायची, चिठ्ठी निघेल तिने त्या पैशांची पुस्तकं घ्यायची आणि पुढच्या वेळी त्यातलं काही वाचून दाखवायचं. घराच्या बैठकीत, सतरंजीवर, पोह्यांच्या बश्या बाजूला सारून होणारं ते वाचन मी कोणत्याही व्यासपीठापेक्षा वरचं मानतो. पोथीच्या बैठकीचं ते आजचं रूप आहे, फक्त आता काय वाचायचं ते ऐकणाऱ्या बायकाच ठरवतात.

आयोजकांना म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं की सत्कार शेवटी ठेवा आणि वाचन आधी सुरू करा. ज्यांना शाल हवी असेल ते थांबतील. आणि ऐकणाऱ्यांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला: फळ्यावर सहाची वेळ लिहिली असेल तर सहाला या, सव्वासहाला नको. मागची खुर्ची सोडा, तिसऱ्या रांगेत बसा. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तर प्रश्नच विचारा, भाषण करू नका. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर त्यालाही आणा. कंटाळलं तर ते बाहेर जाऊन बालविभागात बसेल, आणि जाताना ग्रंथपाल बाईंकडे त्याच्या नावाने वर्गणी भरून टाका.