बगळ्याची नजर

त्या सकाळी मंडपात पिकलेला हशा मला अजून टोचतो.

आमच्या निमगाव केतकीत तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, घरोघरी माळकरी. सप्ताह म्हणजे काय ते इथं कुणाला सांगावं लागत नाही. सात दिवसांत ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या उरकायच्या, म्हणजे वाचन धावतच.

तेरावा अध्याय चालू होता. अहिंसा अंगी मुरलेला माणूस कसा चालतो? लाट न मोडता पाण्यात पाऊल टाकणाऱ्या बगळ्यासारखा, केसर दुखावेल म्हणून कमळावर जपून पाय ठेवणाऱ्या भुंग्यासारखा. माझी चुलती पुढच्या रांगेत होती. जन्म पानमळ्यात गेला, अक्षरं साठीनंतर नातीकडून शिकली. पानं खुडून काळवंडलेला अंगठा ओळीखालून सरकवत वाचायची. तो अंगठा थांबला आणि ती मोठ्यांदा म्हणाली, "आवो म्हाराज, ह्यो बगळा तर मासं धराया निघालाय. मग त्येची कसली आली अहिंसा?"

पारायणाचे चालक माइकवरूनच म्हणाले, "माउली, पारायणात शंका काढायच्या नसतात. चला पुढं." मंडप हसला. बायकाही हसल्या. चुलतीनं पदर सावरला, पण सुटलेली ओळ तिला मग सापडेना. शेजारणीनं पान उलटून बोट ठेवून दिलं, तेही भलत्याच ओवीवर. अध्याय संपेपर्यंत ती नुसते ओठ हलवत बसली. माउली म्हणायचं आणि तोंडही मिटवायचं! रात्री त्याच मंडपात विवेकावर लांबलचक कीर्तन झालं.

घरी मी सार्थ प्रत काढली. तिथंच, त्या ओवीत, बगळ्याची नजर आमिषावर आहे असं ज्ञानदेवांनी सांगून ठेवलंय. म्हातारीनं पदरचं काही घातलं नव्हतं. शब्द समोर होता, आम्ही त्यावरून पळालो. 1584 मध्ये एकनाथांनी या ग्रंथाचा पाठ शुद्ध केला, तो काय आम्ही धापा टाकत उरकावा म्हणून? रोज पाच ओव्या वाचा, पण अडेल तिथं थांबा, असं मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय. त्याच अध्यायात पावसासाठी यज्ञात पशू मारणाऱ्यांना आणि औषधासाठी झाडं मुळासकट उपटणाऱ्यांनाही ज्ञानदेवांनी सोडलेलं नाही. मग उदाहरणाला बगळाच का? मला नीट उलगडलेलं नाही.

चुलतीला ती बगळ्याची ओवी वाचून दाखवली. "मंग त्यास्नी ठावं हुतं की," ती खुशीत म्हणाली. "पानं न्याया येतोय त्यो दलाल बी आसाच हळू पाय टाकत येतो." त्या हंगामात तिनं दर ठरवताना त्याच्या गोड बोलण्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, आधी पानं मोजायला लावली.

पुन्हा पारायणाला बसणार नाही, असं मी घरात ठणकावून सांगितलं होतं. पुढच्या वर्षी बसलो. शेकडो गळ्यांचा तो एकच सूर अंगात भिनला की अर्थ निसटत असतानाही उठवत नाही, हे मान्य करावं लागतं. चुलती म्हणते, दोन्ही पायजे. मला ते पुरतं पटत नाही, पण तिच्याशी वाद कोण घालणार? सध्या ती भुंग्यावर अडलीय. केसराला जपतो म्हणं, पर मध कोण पितो?