हॉलमध्ये ढकल!

काका तक्ता घेऊन आले तेव्हा त्यांच्या हातात कॅल्क्युलेटर नव्हता. पेन्सिल होती. आमच्या धंद्यात पेन्सिलवाला सभासद जास्त धोकादायक, हे तोवर मला कळलेलं होतं.

२०१९ मधली गोष्ट. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं काम आमच्या ऑफिसकडे होतं. प्लॅन ठरले होते आणि आता प्रत्येकाला त्याच्या नव्या फ्लॅटचा क्षेत्रफळाचा तक्ता द्यायचा होता. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींखालची जागाही कार्पेटमध्ये धरतात, पण सभासदांनी ठराव करून मागितला होता तो खोलीवार तक्ता. प्लास्टर ते प्लास्टर, पायाला लागेल तेवढी मोकळी जमीन. मी रेव्हिटमधून काढून दिला. हॉल १६.७४, स्वयंपाकघर ७.१३, मोठी बेडरूम १०.८८, लहान बेडरूम ९.५६, बाथरूम ३.१२, पॅसेज २.९७. एकूण ५०.४२ चौरस मीटर.

"मॅडम, माझी बेरीज ५०.४० येते," काका म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले. "मी तीनदा केली. एकदा खालून वर."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, दोन शतांश! म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटरचे दोन तुकडे. एवढ्यासाठी माणूस रिक्षा करून येतो? बारा हजार रुपये फुटाने धरलं तरी जेमतेम अडीच हजारांची जागा. नव्या ग्राहकांच्या करारनाम्याच्या नमुन्यात तर कार्पेटमध्ये ३ टक्के फरक चालतो. एवढ्या फ्लॅटला दीड चौरस मीटर! पण हे त्यांना सांगितलं असतं तर ते उठून थेट अध्यक्षांकडे गेले असते. आणि बरोबरच होतं. दीड मीटर कायद्याने सोडलेला असतो, बेरीज कोणी सोडलेली नसते.

कारण मला माहीत होतं. रेव्हिट खोलीचं क्षेत्रफळ पोटात लांबलचक दशांशात ठेवतं, दाखवताना फक्त दोन दशांश स्थळं दाखवतं. (गंमत म्हणजे प्लॅन मीटरमध्ये काढला तरी पोटात ते सगळं फुटांत ठेवतं. अमेरिकन पोट!) खालची एकूण बेरीज मात्र ते पोटातल्या आकड्यांची करतं आणि शेवटी एकदाच राउंड करतं. काकांनी कागदावरच्या आकड्यांची केली. दोघेही बरोबर.

आता हे निस्तरायचं कसं? ऑफिसातल्या सीनियरांकडे जुना उपाय होता: "हॉलमध्ये ढकल." म्हणजे तक्ता एक्सेलमध्ये घ्यायचा, हॉलच्या १६.७४ चे १६.७६ करायचे, बेरीज जुळली. हॉल मोठा असतो, पचवतो. खोटं कशाला बोलू, मी पूर्वी हे केलेलं आहे. एकदा नाही, बऱ्याचदा. त्या दिवशीही हात माउसकडे गेला होता. पण समोर पेन्सिल होती, आणि प्लॅनवर हॉलची मापं छापलेली होती: ४.६० बाय ३.६४.

म्हटलं, "काका, हॉलचा गुणाकार करा बरं."

त्यांनी मांडला. १६.७४४. पेन्सिल थांबली. मग न सांगता त्यांनी स्वयंपाकघराचा केला, २.४६ गुणिले २.९० म्हणजे ७.१३४. "अच्छा, म्हणजे तुम्ही प्रत्येक ठिकाणी शेपूट कापलंय." मी उरलेली चार शेपटं सांगितली. योगायोग असा की सहाच्या सहा खोल्यांचा तिसरा आकडा तीन किंवा चार होता, म्हणून सगळ्याच खाली राउंड झाल्या. एखादी वर गेली असती तर काहीतरी फिटलं असतं. शेपटांची बेरीज ०.०२२. काकांच्या चेहऱ्यावर दिवसाची कॅश टॅली झाल्यावरचं समाधान आलं.

गंमत करायला मी म्हटलं, चौरस फुटांत बघू. १८०, ७७, ११७, १०३, ३४, ३२. बेरीज ५४३, आणि पोटातल्या आकड्याचेही ५४३च. काका पुन्हा गंभीर. "मीटरमध्ये जुळत नाही आणि फुटांत जुळतं, हे कसं?" मी उगाच बोलले. तिथे तीन खोल्या खाली गेल्या होत्या नि तीन वर, हे समजावण्यात आणखी एक चहा गेला.

खरा उपाय सोपा आहे. शेड्यूलमध्येच एक हिशेबाचा रकाना घालायचा: क्षेत्रफळाला ०.०१ चौरस मीटरने भागा, पूर्णांकापर्यंत राउंड करा, परत ०.०१ चौरस मीटरने गुणा, आणि बेरीज या रकान्याची घ्या. मग छापलेले आकडे आणि छापलेली बेरीज एकमेकांशी भांडत नाहीत. एकूण ५०.४० येते, म्हणजे दोन शतांश कागदावर कमी. ते मान्य आहे का हे मात्र आधी विचारायचं. तीन दशांश स्थळं छापली तर तेच भांडण चौथ्या स्थळापाशी जातं. आम्ही तिसऱ्याच गोष्टीवर ठरवलं: आकडे तसेच ठेवायचे आणि खाली मराठीत सरळ ओळ लिहायची की बेरीज राउंड न केलेल्या आकड्यांची आहे. ती ओळ काकांनीच सुचवली.

इथे हे संपलं असतं तर बरं झालं असतं.

पण एकदा संशय आलेला बँकवाला थांबत नाही. चार दिवसांनी काका बी विंगमधल्या मित्राचा तक्ता घेऊन आले. फ्लॅट तोच, फक्त आरशात पाहिल्यासारखा उलटा. "यांचा हॉल १६.९४ कसा?"

हे राउंडिंग नव्हतं. ०.२० कुठल्याही शेपटात मावत नाही. मी दोन्ही फाइली उघडल्या. बी विंगची फाइल एका नव्या मुलाने दुसऱ्या टेम्प्लेटवरून सुरू केली होती, आणि तिच्यात खोलीचं क्षेत्रफळ भिंतीच्या फिनिशपर्यंत नव्हे तर विटेपर्यंत मोजण्याची सेटिंग होती. डायलॉग बॉक्समधला एक गोल ठिपका. चारी बाजूंचं १२ मिलिमीटर प्लास्टर खोलीत धरलं गेलं होतं: ४.६२४ गुणिले ३.६६४. आणि हे प्रत्येक खोलीत. एका फ्लॅटमागे सुमारे ०.८ चौरस मीटर, म्हणजे त्याच दराने लाखभर रुपयांची जागा, जी फक्त कागदावर होती. तक्ते वाटून झाले होते. तपासून पाठवल्याची सही माझी होती.

बिल्डरच्या माणसाचं म्हणणं होतं की गप्प बसावं. प्लास्टर कोण मोजतंय? सीनियर काही बोलले नाहीत. मला राहून राहून "हॉलमध्ये ढकल" आठवत होतं. दोन शतांश ढकलायला मला कधी काही वाटलं नव्हतं. बी विंगलाही तसंच कुठेतरी ढकलता आलं असतं, ताबा मिळेपर्यंत कोणाला कळलं नसतं.

मी पत्र लिहिलं. बी विंगचे प्लॅन पुन्हा बसवायला तीन आठवडे गेले, त्याची फी मिळाली नाही, आणि बैठकीत एका आजींनी मला "जागा चोरणारी" म्हटलं. जागा होती तेवढीच होती हे त्यांना पटवायला मी गेले नाही. ज्या मुलाने फाइल केली त्याला मी ओरडले, आणि मग लक्षात आलं की तो ठिपका त्याला कोणी दाखवलेलाच नव्हता. मीसुद्धा नाही.

सुधारलेले तक्ते घ्यायला काका आले. उभ्या उभ्या बेरीज केली, खालची ओळ वाचली, सही केली. मग चष्मा काढून म्हणाले, "बाकी ते पॅसेजचे २.९७... त्यात आमचं लोखंडी कपाट उभं राहील ना हो?"

मी पॅसेजची रुंदी बघायला फाइल उघडली.