हललेला माणूस

आमच्या मिरजेच्या घरात सोप्यावर एक फोटो होता. खाली दोन खिळ्यांवर टेकवलेला, वरून सुतळीने बांधलेला, पुढे कललेला. तेव्हा सगळ्यांच्याच घरात फोटो असे टांगलेले असत. खालून बघणाऱ्याला नीट दिसावा म्हणून तसा टांगतात, असं मोठी माणसं सांगायची. त्याचा खरा उपयोग झाला चिमण्यांना. भिंत आणि फोटो यांच्यामधल्या तिकोनी पोकळीत दर उन्हाळ्यात घरटं व्हायचं, खाली काड्या पडायच्या आणि आजी केरसुणी घेऊन पुटपुटत बसायची. घरटं मात्र तिनं कधी कुणाला काढू दिलं नाही. त्यामुळे त्या फोटोची माझी पहिली आठवण चेहऱ्यांची नाही, चिवचिवाटाची आहे.

फोटो रेल्वेच्या माणसांचा. मागे काळंभोर इंजिन. पुढे खुर्च्यांवर सात साहेब, काहींच्या मांडीवर हॅट. त्यांच्या मागे कोट-टोपीवाल्यांची रांग. त्यांच्याही मागे, कुणी इंजिनाच्या पायरीवर तर कुणी रुळाच्या कडेला, फेटेवाले, मुंडासेवाले, उघड्या डोक्याचे. अगदी उजव्या टोकाला एक माणूस होता, त्याला चेहराच नव्हता. पाय स्पष्ट, हातातला रुमाल स्पष्ट, सदऱ्याची बटणंसुद्धा मोजता येतील अशी, पण मानेच्या वर नुसता धुरकट डाग.

"ते हललेत बघ, तेच तुझं आजोबा," आजी सांगायची.

आजोबा मिरजेच्या शेडमध्ये फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. मी सहा वर्षांची असताना गेले. मला आठवतात ते त्यांचे हात. कितीही धुतले तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहिलेले. चेहरा आठवत नाही. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. बाकीच्यांच्या घरात हार घातलेले आजोबा असायचे, आमच्या घरात हललेले.

"मग ते हलले का?" मी विचारायची.

"गाडी आली असंल. बघितलं असंल तिकडं. एका जागी थांबायचं माणूसच नव्हतं ते."

त्या काळी काचेची प्लेट असायची. फोटोग्राफर काळ्या फडक्याआड डोकं घालायचा, मग बाहेर येऊन भिंगावरचं झाकण काढायचा, मनात आकडे मोजायचा आणि झाकण परत लावायचा. तेवढा वेळ सगळ्यांनी दगड व्हायचं. तीसेक माणसं दगड झाली आणि एकटे आजोबा माणूस राहिले, असं आजीचं म्हणणं होतं. तिला त्या डागाचा अभिमानच होता.

१९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला. तेव्हा मी आजीबरोबर नवी गाडी बघायला स्टेशनवर गेले होते. पुण्या-कोल्हापूरकडची गाडी रुंद रुळांवरून, बेळगावकडची मीटर गेजवरून आणि पंढरपूरकडची अडीच फुटांच्या बारक्या रुळांवरून, असं पुढे वीसेक वर्षं मिरज तीन मापांच्या रुळांचं जंक्शन होतं. आजीनं नव्या गाडीकडे नजर टाकली, मान हलवली आणि बेळगावच्या बाजूला, लहान रुळांकडे तोंड करून उभी राहिली.

पुढे घराची वाटणी झाली. भांडी, पाट, देव सगळ्याला धनी मिळाले. फोटो कुणाला नको होता. "त्यात आहे काय बघायला," धाकटे काका म्हणाले, आणि त्यांचं चूक नव्हतं. मी तो आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत टाकला. माझी नोकरी पोस्टातली. कराड, पंढरपूर, सोलापूर, जिथे बदली झाली तिथे ट्रंक आली. ती उघडली किती वेळा, विचाराल तर हाताची बोटंही जास्त होतील. निवृत्तीनंतर सांगलीत गावभागात, तळमजल्यावर बिऱ्हाड केलं आणि ट्रंक कॉटखाली ढकलली.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले आणि पाणी आमच्या कॉटच्याही वर चढलं. आम्ही आधीच बाहेर पडलो होतो. आठवड्यानं परतलो तेव्हा रस्त्याकडेला गाद्या, धान्य आणि वह्या-पुस्तकांचे ढीग होते. त्यांत लग्नाचे अल्बम कितीतरी. पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली, रंग एकमेकांत उतरलेले. लोक ते घमेल्यांनी उचलून टाकत होते. मी ट्रंक उघडली. लुगड्याचा चिखल झाला होता. फ्रेमच्या लाकडाचे सांधे सुटले होते. आणि फोटो काचेला चिकटला होता.

मी नखानं सोडवायला बघत होते. शेजारचा मुलगा ओरडला, "काकू, ओढू नका!" त्याचा एक मित्र मिरजेत कुठेसा जुने फोटो जमवायचा. अशी मी त्या खोलीत पोहोचले.

खोली म्हणजे एका जुन्या वाड्याचा माडीवरचा भाग. त्याला संग्रहालय म्हणतात ते म्हणणाऱ्यांच्या हौसेनं. दोन काचेची कपाटं, एक सतार, काही तांब्याची मापं, एक स्कॅनर आणि पंखा लावला की उडणारी कागदपत्रं. चालवणारे पाच जण, पगार कुणालाच नाही. इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर, एक माजी परिचारिका, तंतुवाद्यांच्या गल्लीतला एक कारागीर, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक पोरगा आणि हिशेब ठेवणारे एक काका. आता सहावी मी.

त्यांनी फोटो सोडवला नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढला की वरचा थरच निघून येतो, चेहरे काचेवर राहतात आणि हातात कोरा कागद. म्हणून तो काचेसकट सावलीत वाळवला आणि काचेतूनच स्कॅन केला. मागचा ओला पुठ्ठा मात्र आपणहून सुटून आला. आणि माउंटच्या पाठीवर पेन्सिलीची अक्षरं निघाली. शाईची असती तर पुरात वाहून गेली असती. शिशाला पाणी लागत नाही. अक्षरं मोडी होती. सरांनी भिंग लावून वाचली. पाच नावं. सगळी खुर्च्यांवरची, हुद्द्यांसकट. उभ्या असलेल्यांपैकी एकाचंही नाही.

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस मी तिथे असते. आमचं काम सांगायला सोपं आहे. गावातल्या घरांमधले जुने फोटो आणायचे, स्कॅन करायचे, इंटरनेटवर कुणालाही बघता येतील असे ठेवायचे आणि मूळ फोटो ज्याचा त्याला परत करायचा. "फोटो तुमचा, प्रत आमची" हे आम्हाला दारोदार सांगावं लागतं. लोकांना वाटतं, नेलेला फोटो परत येत नाही. बहुतेक वेळा त्यांचा अनुभवही तसाच असतो. स्कॅनिंगला पाच मिनिटं लागतात. मऊ ब्रशनं धूळ काढायची, ६०० डीपीआय, एक मोठी फाइल जपायला, एक लहान दाखवायला. वेळ जातो तो नोंदीत. काय, कुठलं, केव्हाचं, कोण. पहिल्या तीन रकान्यांत काहीतरी भरता येतं. चौथा रिकामा राहतो.

माझ्याच फोटोचं घ्या. इंजिनाच्या टेंडरवर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची अक्षरं आहेत. ही कंपनी १९०८ ची, आणि १९५१ मध्ये ती सदर्न रेल्वेत गेली. म्हणजे फोटो त्या त्रेचाळीस वर्षांतला. आजीचं लग्न १९३८ चं. ती सांगायची, फोटो आधीपासून भिंतीवर होता. म्हणजे तेरा वर्षं आणखी कमी झाली. असं इंजिनाला, अक्षरांना, कोटाच्या कॉलरला विचारत विचारत काळ सापडतो. माणसाचं नाव कशालाच विचारता येत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं, आणि ते माणूस वारायच्या आत.

या गावाला हे काम नवं नाही. वासुदेवशास्त्री खरे इथल्या शाळेत संस्कृत शिकवत. शिकवता शिकवता त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरांतले हजारो कागद वाचले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला. पुष्कळ जुन्या पत्रांवर तिथी असते, साल नसतं. कोणाचं पत्र, कोणाला, कुठल्या साली, हे ठरवण्यातच शास्त्रीबुवांची उमर गेली. आजही मिरज इतिहास संशोधन मंडळाची मंडळी गावातले कागद शोधत हिंडतात. सर म्हणतात, आपण त्याच रांगेत सगळ्यात मागे, पायरीवर उभे आहोत.

पण कागदाचा आणि फोटोचा एक फरक मला रोज दिसतो. पत्र लिहिणारा बहुधा स्वतःचं नाव घालतो. फोटोत माणूस सबंध असतो, फक्त नाव नसतं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभं केलं. त्या मिशनचे कागद आणि चित्रं अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. तशा जुन्या छायाचित्रांत डॉक्टरांचं नाव असतं, बाकी सगळे 'पेशंट'. आमच्या परिचारिका ताई ते शब्द वाचतात आणि म्हणतात, "यांना घरी काहीतरी हाक मारत असतीलच की." अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये मद्रास भागात रेल्वेप्रवासातच गेले आणि मिरजेच्या दर्ग्यात विसावले. त्यांचे फोटो घरोघर आहेत. आमचा कारागीर त्या फोटोंत खाँसाहेबांकडे बघतच नाही, मागच्या तंबोऱ्याकडे बघतो. भोपळ्याची गोलाई, पट्टीवरचं काम बघून सांगतो, हा आमच्याच गल्लीतला. कुणी केला? गप्प होतो.

आणि हे जुन्याच फोटोंचं दुखणं आहे असं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिण्या, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर जत्रा होती, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. संग्रहासाठी म्हणून आम्ही ते फोटो मागायला गेलो, तर कुणाचा फोन बदलला होता, कुणाचा पाण्यात पडला होता, कुणी जागा होत नाही म्हणून पुसून टाकले होते. शेवटी बारा-पंधरा मिळाले. वाघिणीचे पाइप जोडणारा एक गडी त्यातल्या चारांत आहे. त्याचं नाव अजून शोधतोय. सापडेल. तो अजून असणार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या फोटोची नोंद करायची पाळी आली. मीच टाळत होते. पोरानं फाइल उघडून उजवा कोपरा मोठा केला. इतकं मोठं मी आजोबांना कधी पाहिलं नव्हतं. रुमालाची गाठ दिसली. नखांच्या कडेची काळी रेघ दिसली, की मला दिसावीशी वाटली. चेहऱ्याचा डाग मोठा होऊन नुसते करडे ठिपके झाले. यंत्र कितीही चांगलं असलं तरी जे प्लेटवर उतरलंच नाही ते आणणार कुठून.

"नाव सांगा, काकू."

मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यानं टाइप केलं आणि थांबला. "ओळख कुणी पटवली?"

"आजीनं."

"त्या तिथे हजर होत्या?"

"नाही. तिचं लग्नच झालं नव्हतं."

"मग त्यांना कुणी सांगितलं? आजोबांनी?"

हा प्रश्न मला साठ वर्षांत सुचला नव्हता. आजोबांनी सांगितलं होतं, की आजीनंच त्या डागात त्यांना बसवलं होतं? घरात नवऱ्याचा दुसरा फोटो नाही. या एका फोटोत एका माणसाला चेहरा नाही. बायकोला यापेक्षा सोयीची जागा कुठली मिळणार? मी काहीच बोलले नाही. पोरगा ओशाळला. "तसं नाही काकू. पण कुठून कळलं ते लिहिलं नाही, तर पुढे ती आपलीच थाप ठरते."

मग मी त्याला बाजूला सारून स्वतः कीबोर्डपाशी बसले. आजोबांच्या नावापुढे कंसात 'ऐकीव' लिहिलं. हाताला जड गेलं, पण लिहिलं. त्याखाली 'सांगणार' असा रकाना आहे. तिथे आजीचं नाव घातलं, माहेरच्या आडनावासकट. लिहिताना लक्षात आलं, की तिचं नाव याआधी कुठल्याच फोटोखाली पडलेलं नाही. तिचाही फोटो नाही. रकाना संपेना म्हणून पुढे आणखी दोन वाक्यं टाकली. सरांनी ती खोडली नाहीत, त्यामुळे आता ती कुणालाही वाचता येतात:

नाते: पत्नी. छायाचित्र काढताना हजर नव्हती. पंचवीस वर्षे संसार केला, त्यावरून ओळखते.