लंडनचें नाटक आणि परताव्याची हमी

पांच माणसें मिळून घराबाहेर पडावयाचीं म्हणजे ऐन वेळीं कोणाचें तरी कांहीं तरी अडावयाचेंच, हा एकत्र कुटुंबाचा नित्याचा अनुभव. गेल्या उन्हाळ्यांत पुतण्याकडे लंडनला गेलों असतां हाच अनुभव आम्हांस पौंडांच्या हिशोबानें घ्यावा लागला.

लेस्टर चौकापासून थोडें चाललें म्हणजे वेस्ट स्ट्रीट नांवाची एक आखूड गल्ली लागते. तेथील सेंट मार्टिन्स नाट्यगृहांत अगाथा ख्रिस्तीबाईंचें ‘द माउसट्रॅप’ हें नाटक चालतें. १९५२ सालीं तें शेजारच्याच अँबॅसडर्स नाट्यगृहांत सुरू झालें व १९७४ पासून येथें आहे. मोठा खंड पडला तो २०२० च्या मार्चमध्यें, महामारीमुळें; १४ महिन्यांनीं पडदा पुन्हां वर गेला. आजचा प्रयोग कितवा, हें सांगणारा लांकडी फलक प्रवेशदालनांतच लावलेला आहे.

आमचीं तिकिटें पुतण्यानें दोन महिने आधींच, प्रत्येकीं ५० पौंडांस, घरबसल्या काढलीं होतीं. पैसे भरतांना विक्रेत्यानें विचारलें, ‘तिकिटामागें ५ पौंड अधिक द्या, येणें न झाल्यास रक्कम परत करूं.’ आत्याबाई दूरध्वनीवर म्हणाल्या, “घेऊन टाक रे बाबा. माझ्या दम्याचा काय भरंवसा?” त्यांच्या समाधानासाठीं २५ पौंड गेले.

प्रयोगाच्या दिवशीं सकाळींच दम्यानें उचल खाल्ली. वहिनी त्यांच्यापाशीं राहिल्या. आम्हीही राहतों म्हणालों, तर आत्याबाई रागावल्या. “माझ्यापायीं सगळे घरीं बसलांत, तर मला अधिकच धाप लागेल. जा!” आम्ही तिघे गेलों, पण शेजारच्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे वारंवार लक्ष जात होतें.

दोन तिकिटांचे १०० पौंड मागितले, तेव्हां उत्तर आलें कीं, हमींत पूर्वीची व्याधी धरलेली नाहीं. ज्या भयानें हमी घेतली, नेमकें तेंच तींतून वगळलेलें! अटी तिकिटाबरोबरच आल्या होत्या. वाचल्या मात्र कोणीं नव्हत्या. दोष विक्रेत्याचा थोडा, आमचा अधिक.

मग आम्हीं त्या अटी नीट वाचल्या. प्रयोगच रद्द झाला, तर तिकिटाची दर्शनी किंमत परत करण्याची तिकडे रीतच आहे. त्यासाठीं हमी लागत नाहीं. हमी असते ती आपल्याच अडचणीसाठीं : अकस्मात आजार, अपघात, आगगाडी बंद पडणें, आणि तेंही दाखला जोडल्यास. बेत बदलला, कंटाळा आला, तर कांहीं मिळत नाहीं. शिवाय हिशोब पाहा. दहावा हिस्सा अधिक द्यावयाचा, तर दहा वेळांतून एकदां तरी अटींत बसणारी अडचण आली पाहिजे. तेव्हां कुठें देणें-घेणें बरोबरीचें होतें. इतक्या वेळां आपलें नाटक खरोखरीच चुकतें काय?

म्हणून वाचकांस आमचें सांगणें असें : एक-दोन तिकिटें व जवळचा दिवस असेल, तर हमी घेऊं नये. पुष्कळ माणसें, महाग तिकिटें, महिनोन्महिने आधींचा बेत, असें असेल तर घेण्यास हरकत नाहीं. मात्र घरांतल्या जुन्या आजारांविषयीं अटींत काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें. प्रवासाच्या विम्यांतच ही सोय आहे काय, तेंही पाहावें. कित्येक नाट्यगृहें आदले दिवशीं कळविल्यास तिकीट बदलूनही देतात.

आत्याबाईंना मात्र त्या १०० पौंडांची रुखरुख लागली. “माझ्यामुळें बुडाले,” असें त्या दोन दिवस म्हणत राहिल्या. निघण्याच्या आदले दिवशीं त्यांना बरें वाटत होतें. आम्हीं सकाळींच खिडकीवर जाऊन दुपारच्या प्रयोगाचीं दोन तिकिटें काढलीं, हमीवांचून. प्रकृतीचा भरंवसा नसेल तेथें उशिरां तिकीट काढणें हीच खरी हमी, हें तेव्हां उमगलें.

खुनी कोण तें बाहेर सांगूं नका, अशी या नाटकाच्या शेवटीं प्रेक्षकांस विनंती केली जाते. आम्हीं ती आठवडाभर पाळली होती. त्या दिवशीं आत्याबाई वहिनींच्या हातास धरून परतल्या आणि दारांतूनच म्हणाल्या, “मला पहिल्या अंकांतच कळलें होतें!”