केवढ्याला? अर्थात ‘इकुरा देस का?’

जपानला जायचं ठरलं तेव्हा मित्रमंडळींनी ढीगभर सल्ले दिले. हे खा, ते बघ, अमुक ट्रेनचा पास काढ. पण फ्रीलान्सरचं पाकीट घेऊन फिरणाऱ्या माणसाला खरं तर एकच वाक्य लागतं. ‘इकुरा देस का?’ म्हणजे, ‘केवढ्याला?’

पुण्यातल्या जपानी क्लासमध्ये हे वाक्य मी पहिल्याच महिन्यात घोकलं होतं. ‘इकुरा’ म्हणजे सामन माशाची अंडीसुद्धा, त्यामुळे ‘इकुरा वा इकुरा देस का?’ म्हणत आम्ही खिदळायचो. सेनसेई, म्हणजे आमच्या बाई, तेव्हाच म्हणाल्या होत्या, ‘‘प्रश्न सोपाच आहे गं. उत्तर कळलं पाहिजे!’’

पहिली विकेट

त्या उत्तराने माझी पहिली विकेट घेतली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये, तोक्योच्या आमेयोकोत. उएनो आणि ओकाचिमाची या दोन स्टेशनांच्या मधला, रेल्वेलाइनला चिकटून पसरलेला हा बाजार. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे काळाबाजार भरायचा. आज मासे, सुकामेवा, बूट, बॅगा, सगळं मिळतं आणि विक्रेते आपल्या मंडईसारखेच ओरडत असतात. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एक बॅग उचलली आणि ऐटीत विचारलं, ‘‘कोरे वा इकुरा देस का?’’

‘‘हास्सेन-रोप्प्याकु-एन!’’

झालं! शंभराला ‘ह्याकु’ म्हणतात हे मला पाठ होतं. पण तीनशेचं ‘सानब्याकु’ होतं, सहाशेचं ‘रोप्प्याकु’ आणि आठशेचं ‘हाप्प्याकु’. हजार म्हणजे ‘सेन’, पण तीन हजार ‘सानझेन’ आणि आठ हजार ‘हास्सेन’. दहा हजारांना ‘मान’ हा वेगळाच शब्द, त्यामुळे आपला एक लाख तिथे ‘जूमान’, म्हणजे दहा मान! मी मनातल्या मनात हिशेब जुळवत होते, तेवढ्यात विक्रेत्याने कॅल्क्युलेटर माझ्यापुढे धरला. ८,६००. बॅग राहिली बाजूला, मान मात्र खाली गेली.

मग विचारायचं कशाला?

खरं सांगायचं तर जपानमध्ये बहुतेक ठिकाणी भाव विचारायची वेळच येत नाही. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असते आणि घासाघीस हा प्रकार नाही. याची मुळंही जुनी आहेत. मित्सुई ताकातोशी नावाच्या व्यापाऱ्याने १६७३ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, ‘एचिगोया’ हे कापडाचं दुकान काढलं. रोख पैसे द्या, लिहिलेल्या भावात घ्या, हा त्याचा फंडा. तोवर गिऱ्हाईक बघून भाव सांगायची पद्धत होती. तेच दुकान पुढे ‘मित्सुकोशी’ हे बडं डिपार्टमेंट स्टोअर झालं. म्हणजे ‘एकच भाव’ची पाटी काही फक्त लक्ष्मी रोडची मक्तेदारी नाही!

पण क्योतोच्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे गोष्ट वेगळी. पाच मजली उंच पॅगोडाच्या आवारात किमोनो, भांडी, बाहुल्या मांडलेल्या. कित्येक वस्तूंवर किमतीची चिठ्ठीच नाही. इथे तोंड उघडावंच लागतं.

एका आजोबांच्या स्टॉलवर मला निळ्या नक्षीचे दोन चहाचे कप दिसले. आई त्याच महिन्यात साठ वर्षांची होणार होती. मला घासाघीस शिकवली ती तिनेच, तुळशीबागेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचं तिथे जाणं बंद झालंय. निघताना म्हणाली होती, ‘‘मला काही आणू नकोस, तिथे सगळं महाग असतं.’’ पाकिटात दोन दिवसांसाठी चार हजार येन उरले होते.

‘‘इकुरा देस का?’’

‘‘सानझेन-एन.’’ तीन हजार. या वेळी कळलं!

आईची लेक जागी झाली. म्हटलं, ‘‘हानबुन!’’ म्हणजे अर्ध्यात द्या. आजोबांनी दातांतून हवा ओढली. ‘‘सा... चोत्तो...’’ चोत्तो म्हणजे ‘थोडंसं’. वाक्य तिथेच सोडून दिलं की समजायचं, नाही! मग मी तुळशीबागेतलं हुकमी अस्त्र काढलं. पाठ फिरवून चालायला लागले. आपल्याकडे सातव्या पावलाला हाक येते, ‘‘अहो ताई, या, घेऊन जा!’’ मी दहा पावलं मोजली, वीस मोजली. हाक आलीच नाही. वळून पाहिलं तर आजोबा शांतपणे दुसरे कप पुसत होते.

त्यांना वाटलं असणार, हिला नकोयत. त्यात चूक काय?

दहा मिनिटं पॅगोडाखाली घुटमळले, मग लाज गुंडाळून परत गेले. ‘‘सुमिमासेन, मोओ सुकोशी यासुकु नारिमासेन का?’’ माफ करा, आणखी थोडं स्वस्त होणार नाही का? आणि कपांकडे बोट दाखवून म्हटलं, ‘‘हाहा नि.’’ माझ्या आईसाठी. स्वतःच्या आईला जपानीत ‘हाहा’ म्हणतात, यावर क्लासमध्ये आम्ही किती हसलो होतो. आज हसू आलं नाही.

आजोबांनी विचारलं, कुठून आलीस? ‘‘इंदो.’’ त्यांनी मान डोलावली. ‘‘निसेन-गोह्याकु.’’ अडीच हजार. कॅल्क्युलेटरशिवाय समजलं! कप वर्तमानपत्रात गुंडाळताना त्यांनी एक छोटीशी बशीही आत सरकवली. ‘‘ओमाके!’’

ओमाके म्हणजे आपल्या भाजीवालीने ‘वर’ घातलेला कढीपत्ता. हा शब्द ‘माकेरु’वरून आला. माकेरु म्हणजे हरणं, आणि भाव कमी करणं यालाही तोच शब्द. म्हणजे जपानीत सूट मागणं हे ‘माझ्यासाठी जरा हरा ना’ असं म्हणण्यासारखं आहे. मी मात्र आजोबांना हरवायला निघाले होते.

घरी कप उघडताच आईचा पहिला प्रश्न, ‘‘केवढ्याला पडले?’’ मी सगळी हकीकत सांगितली. तिने बशी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, ‘‘अर्ध्यात मागितलेस? अगं, म्हाताऱ्या माणसाकडे पाऊण भावापासून सुरू करायचं असतं!’’

शॉपिंगला जाताय? हे लक्षात ठेवा

- किमतीच्या चिठ्ठीवर कधी कधी दोन आकडे असतात. मोठा छापलेला कराशिवायचा (झेइनुकी), बारीक छापलेला करासकट (झेइकोमी). पैसे बारीक आकड्याचे द्यायचे!
- ओसाकात ‘इकुरा’ऐवजी ‘नानबो’ ऐकू येईल. अर्थ तोच.
- काउंटरवर छोटा ट्रे असेल तर पैसे हातात न देता त्यात ठेवा.
- घासाघीस फक्त आमेयोको किंवा जुन्या बाजारात, तीही हसतमुखाने. मॉल आणि डिपार्टमेंट स्टोअरमध्ये अजिबात नाही.
- घ्यायचं नसेल तर ‘कांगाएमास’ (विचार करते) म्हणा आणि निघा. मागून हाक येणार नाही!