पालथी काईल

गोठ्यामागच्या परड्यात ती पालथी पडलेली असते. नवख्याला वाटावं, जमिनीलाच काळं टेंगूळ आलंय. चुलवाणाच्या जाळानं तळ इतका काळा झालाय की पावसात भिजला तरी चमकत नाही. कोंबड्या काठाखालच्या फटीतून आत शिरून अंडी घालतात. लहानपणी ती काढायला आम्ही हात घालायचो, तर एकदा अंड्यांच्या आधी धामणच बाहेर आली. आठ फूट व्यास, दीड फूट उंची, काठाला चार कड्या. हलवायला सहा गडी लागतात, आणि आमच्या घरी सहा गडी एका वेळी हजर असतील तर तो दिवस एक तर लग्नाचा असतो, नाहीतर पुराचा.

तिचं मूळ काम गुळाचं. दसरा-दिवाळी झाली की घाणा सुरू व्हायचा, उसाचा रस तिच्यात पडायचा, खाली जाळव्या चिपाडं सारायचा. भेंडीच्या रोपाचा चिकट रस घातला की मळी वर यायची, ती काढायची, आणि गुळव्या तिच्या काठाशी एखाद्या वैदासारखा उभा राहायचा. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघायची, आणि गोळी मनासारखी झाली की एकदम आरडाओरडा. मग कड्यांना धरून काईल वाफ्यात उपडी व्हायची. क्षणभराचा उशीर झाला तर गूळ करपायचा. घाई आणि वेळ यांची तिला तेव्हापासूनच सवय.

पुढं गडी मिळेनात, गुळाचा दर परवडेना, ऊस कारखान्याला जायला लागला. गुऱ्हाळाचं छप्पर गेलं, घाणा विकला. काईल तेवढी राहिली. सरळ ठेवली तर पाणी साचून डास होतात, म्हणून पालथी.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि न दिसणारी सरस्वती प्रयाग चिखलीला एकत्र येतात, तिथून पुढं ती पंचगंगा. त्यामुळं आमचा पूर आमच्या पावसाचा नसतोच. पाऊस गगनबावड्याला पडतो आणि उभा आमच्या दारात राहतो. गावात लख्ख ऊन, आणि ओढ्याचं पाणी मात्र उलटं गावाकडं सरकतंय, हे बघून बाहेरची माणसं चक्रावतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. दरवाजा उघडल्याचा निरोप मोबाइलवर येतो, पाणी मागनं येतं. या दोन्हींमध्ये जे काही तास मिळतात, त्यांत आमची सगळी तयारी.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण फुटांचा प्रत्येक घराचा अर्थ वेगळा. ४३ ला आमचा खालचा मळा गेलेला असतो, त्यानंतर रस्ता, त्यानंतर तालमीची पायरी. चुलत्याच्या घराला ४५ ला घाम फुटतो, आम्हाला ४७ ला. सरकारी आकडा एकच असतो. त्याचं भाषांतर ज्यानं त्यानं आपल्या उंबऱ्यापुरतं करून ठेवलेलं असतं.

आणि गल्लीपुरतं भाषांतर म्हणजे आमची काईल. पुरात माणसं बाहेर काढायला तीच उताणी करून पाण्यावर सोडतात. ती पालथी आहे तोवर लोक चहा पितात. उताणी झाली की बायका माळ्यावर पोती चढवायला लागतात. मोबाइलवर दर तासाला पातळी येते, दवंडीची गाडी फिरते, तरी परड्याच्या भिंतीवरून एक डोकं हमखास वर येतं आणि विचारतं, "काईल उलथली काय ओ?" गंमत म्हणजे या मानामुळंच ती उलथायला आमच्या घरात उशीर होतो. उलथली आणि पाणी आलंच नाही, तर वर्षभर टिंगल.

२००५ च्या पुरात आजोबांनी ओसरीच्या खांबावर खिळ्यानं रेघ मारली होती. इथवर पाणी आलं, ही आठवण. चौदा वर्षांत त्या आठवणीचा नियम झाला: पाणी इथवरच येतं. रेघेच्या वर ठेवलेली वस्तू वाचली असं आम्ही धरूनच चाललो. धान्याची कणगी रेघेच्या वर, आजीची पेटी वर, देव वर. खिळ्याची एक रेघ, पण नदीनं जणू सही करून दिल्यासारखा तिच्यावर विश्वास. पुराबद्दल मला कळलेली सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे मागचा पूर.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आत्ती दोन दिवस म्हणत होती, "उलथा की रं तिला."

आबा म्हणायचे, "आक्का, एवढ्यात नको. रेघेपतोर यायला लई टायम हाय."

"तुझं एवढ्यात म्हंजे पानी चुलीत आल्यावर."

चुलीत नाही, पण गोठ्यात आलं तेव्हा काईल उलथायला घेतली. मांडीभर पाण्यात, अंधारात. खाली कोंडलेली हवा गुडगुडत सुटली आणि काईल उताणी झाली ती अर्धी पाण्यानं भरूनच. कळशीनं पाणी उपसता उपसता आबांच्या तोंडातून जे शब्द गेले ते इथं देण्यासारखे नाहीत. जनावरं मात्र वेळेत सुटली होती, कारण त्यांच्या बाबतीत आत्ती कुणाला विचारत नाही. दावी सोडून सगळी म्हसरं तिनं आदल्या दुपारीच टेकावरच्या पाहुण्यांकडं घालवली होती. इथं माणसं घर सोडायला तयार होत नाहीत ती घरासाठी कमी आणि दावणीसाठी जास्त. दावण मोकळी झाली की माणूस हलतो. बचाव करायला येणाऱ्या साहेबांना हे फार उशिरा कळतं.

काईल नाव नाही. तिला नाळ नाही, सुकाणू नाही, तळ सपाट आणि अंग गोल. वल्हं मारलं की पुढं जायच्याऐवजी जात्यासारखी गरगरते. म्हणून तिला वल्हवत नाहीत. कड्यांना कासरे बांधून छातीभर पाण्यात चार माणसं तिच्याबरोबर चालतात, एक पुढं काठीनं गटार आणि विहिरीचा काठ चाचपत. गल्लीच्या उभ्या पाण्यात तिच्यासारखी बया नाही. नदीच्या धारेत तिच्यासारखी वैरीण नाही. कागदावरचं गणित बघायचं तर ती सहा इंच बुडली की सातशे किलो उचलते, त्यातनं तिचं स्वतःचं वजन वजा. काठ अजून फूटभर वर दिसतो म्हणून माणसाला मोह होतो, की आणखी दोघं बसवू. आत्तीचा हिशेब गणिताच्या बराच अलीकडं थांबतो: सहा माणसं, तळाला टेकून बसलेली, उभं कुणी नाही, सातवं दुसऱ्या खेपेला. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि गावातली बायकापोरं बुडाली. तेव्हापासून आत्तीच्या आकड्याशी कुणी हुज्जत घालत नाही.

काईल उलथली त्या दिवशी तिच्या नऊ खेपा झाल्या. म्हाताऱ्या, एक बाळंतीण, तिचं अकरा दिवसांचं पोर, शेजारच्यांची शेळी, जिला माणूस धरायचं की नाही यावर भर पाण्यात वाद झाला. आणि आत्तीचा निळा पिंप. झाकणाला रबर असलेला हा प्लास्टिकचा पिंप म्हणजे आमच्या घरातला दुसरा शहाणा जीव. सात-बारा, रेशन कार्ड, पासबुकं, सोसायटीची कागदं, आजीच्या बीपीच्या गोळ्या, काडेपेट्या, मीठ, चिरमुरे, शेंगदाण्याची चटणी, आणि कुणाला न सांगता ठेवलेलं थोडं सोनं. मृग निघाला की तो भरायचा, दसऱ्याला उघडायचा. मधल्या काळात रेशन कार्ड लागलं तर आत्ती ते अशा नजरेनं काढून देते की मागणाऱ्यानं पुन्हा मागू नये. गॅसची टाकी मात्र त्या वर्षी बांधायची राहिली. ती तरंगत जाऊन तालमीच्या जाळीला अडकली.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बुडून काही दिवस बंद पडला. एनडीआरएफच्या केशरी रबरी बोटी आल्या आणि त्यांच्या शेजारी आमची काळी काईल अगदी गावंढळ दिसायला लागली. एका जवानानं तिच्याकडं बघून विचारलं, "ये क्या है?" आबा म्हणाले, "कढई." तो हसला, पण फोटो काढून घेतला.

पाणी ओसरल्यावर खांबावरची रेघ शोधायला चिखल खरवडावा लागला. २०१९ चा डाग तिच्या पार वर, आढ्याच्या जवळ. सरकारी आदेशात मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून जास्त बुडालेलं असण्याची अट होती. नदीनं आमच्या घरात किती तास मुक्काम केला याची पावती घ्यायला आम्ही विसरलो होतो.

२०२१ ला आबांनी स्वतः होऊन काईल उलथली. २२ जुलैला सकाळी, अंगण कोरडं असताना. त्या वर्षी पाणी चढलं ते पायऱ्या मोजायला सवड न देता. दुसऱ्या दिवशी ५६ फूट ओलांडून २०१९ च्याही वर गेलं. पण गल्ली तोवर रिकामी होती. काईलीची एकच खेप झाली, तीही वरच्या आळीतला रेडिओ दुरुस्तीवाला हट्टानं मागं राहिला होता म्हणून. बाकी दिवसभर ती ओसरीच्या खांबाला बांधलेली, पावसाचे थेंब पोटात घेत, घरच्या म्हशीसारखी हलत उभी.

आता नवी अडचण. यंदा वैशाखात आबांनी तिला सरळ करून नेहमीसारखी परीक्षा घेतली. आत पाणी भरायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी खालची माती कुठं ओली झाली ते बघायचं. दोन ठिकाणी ओली होती. पत्रा तळाला कागदासारखा झालाय. वेल्डिंग करणारा म्हणाला, ठिगळ मारीन, पण ठिगळाच्या कडेनं फाटेल. नवी काईल गुऱ्हाळाशिवाय कोण घेतो, आणि गुऱ्हाळवाले आता आहेत किती. पंचायतीकडं एक फायबरची बोट आहे, कुलपात. किल्ली कुणाकडं असते हे दर पावसाळ्यात नव्यानं शोधावं लागतं.

परवा भंगारवाला आला. काईलीवर बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि भाव सांगितला. आबा गप्प. आत्ती सुपातलं टोपल्यात ओतता ओतता म्हणाली, "ऑगस्ट जाऊ दे की बाबा. दिवाळीला ये."

तो नंबर देऊन गेला. आत्तीनं चिठ्ठी पिंपात टाकली. वेल्डरला उद्या सकाळी बोलावलंय.