मागच्या दारची जाळी

डोळ्याचं कौतुक करणारे सगळे पुढच्या दारातूनच परत जातात. बुबुळांचा रंग पाहतात, पापण्यांची लांबी पाहतात, वय झालं की मोतीबिंदूची चौकशी करतात. मागच्या दारात जी उभी असते, तिची ओळख कोणी करून देत नाही. लॅमिना क्रिब्रोसा हे तिचं शास्त्रीय नाव. आपण जाळीबाई म्हणू. रुंदी दीड-पावणेदोन मिलिमीटर, जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. अंगकाठी ही एवढीशी आणि जबाबदारी अख्ख्या दृष्टीची!

दृष्टिपटलावरून निघालेले दहा-बारा लाख तंतू तिच्यापाशी काटकोनात वळतात आणि तिच्या भोकाभोकांतून डोळ्याबाहेर पडून मेंदूची वाट धरतात. पलीकडे पोचल्यावर त्यांना मायलिनचं वेष्टण मिळतं. तिच्या हाताखालून जाताना मात्र ते उघडेच असतात. त्यांना आधार द्यायचा तिनेच, आणि तिच्याच अंगातल्या केशवाहिन्यांनी त्यांना रक्तही पुरवायचं.

तिच्या दारात प्रकाश ओळखणाऱ्या पेशींना थारा नाही. फ्रान्सच्या एद्म मारिऑटने १६६८ साली हा आंधळा ठिपका जगापुढे मांडला. तुम्हीही पाहा. डावा डोळा मिटा, हात लांब करून दोन्ही अंगठे शेजारी धरा, नजर डाव्यावर खिळवून उजवा हळूहळू बाजूला सरकवा. वीतभर अंतराच्या थोडं अलीकडे त्याचं टोक नाहीसं होतं. झाली भेट.

बाईंना दोन्हीकडून दाब. पुढून डोळ्यातल्या द्रवाचं प्रेशर, साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा. मागून मेंदूभोवतीच्या पाण्याचं, बहुधा त्याहून कमी. या दोहोंच्या ओढाताणीत जन्म काढायचा. पण तिचा रुसवा आकडा पाहून ठरत नाही. एखादीला २५-२६ वर्षानुवर्षं चालतं, दुसरी १५ वरच खचते. या खचण्यातूनच होतो तो काचबिंदू. जपानमधल्या ताजिमी शहरातल्या पाहणीत ओपन-अँगल प्रकारचा काचबिंदू असलेल्या दर दहांपैकी नऊ जणांचं प्रेशर २१ च्या आतच निघालं. म्हणून ‘प्रेशर नॉर्मल आहे’ एवढ्यावर तपासणी आटोपणं मला मुळीच पटत नाही.

तिचा स्वभाव कळायला शेजार पाहावा लागतो. डोळ्याचं पांढरं, चिवट श्वेतपटल तिला चहूबाजूंनी धरून असतं. सिगल, फ्लॅनॅगन आणि एथियर यांनी २००५ साली संगणकावर डोळ्याची प्रतिकृती करून पाहिलं, तेव्हा तिच्यावरच्या ताणात मोठा हात या शेजाऱ्याच्या ताठरपणाचा दिसला. प्रेशर वाढलं की ती मागे ढकलली जाणार, असंच कोणीही म्हणेल. पण श्वेतपटल मऊ असेल तर तेच आधी पसरतं, आणि खाटेची चौकट रुंदावल्यावर नवार ताणावी तशी ही ताठ होऊन जागच्या जागी उभी राहते. कधी तर चार पावलं पुढेही येते. मोठी मानी! ती किती हलली यावरून तिने किती सोसलं याचा अंदाज बांधता येत नाही.

तिने भल्याभल्यांना चकवलंय. १८५१ साली हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप दिला आणि जिवंत माणसाच्या डोळ्यात आतवर डोकावता आलं. काचबिंदूच्या डोळ्यात या तंतूंच्या नसेच्या तोंडाशी, म्हणजे बाईंच्याच दारात, फुगवटा दिसतो, असं ग्रेफेसारख्या दिग्गज नेत्रतज्ज्ञालाही सुरुवातीला वाटलं. एका डोळ्याने पाहताना खोली नीट कळत नाही. होता तो खड्डा. थोड्याच वर्षांत ही चूक सुधारली गेली. आज डॉक्टर त्याच खड्ड्याचं माप ठेवतात.

व्यायामाचीही तिला आवडनिवड आहे. चेन्नईत योगसाधकांची तपासणी झाली, २००६ साली ती छापून आली. शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होत होतं. काचबिंदू असलेल्याने हे आणि डोकं खाली जाणारी इतर आसनंही बाईंसाठी सोडावीत.

तिची खोड म्हणजे तक्रार न करणं. वरच्या आणि खालच्या टोकाला तिची भोकं मोठी, आधाराचे धागे विरळ. खचते ती आधी तिथेच. तंतूंमधून चालणारी ने-आण तुंबते, मग तंतू मरतात. दुखत नाही, लाली नाही. नजरेच्या मध्याला वळसा घालून कमानीसारखा एक पट्टा पुसट होतो आणि दुसरा डोळा तो भरून काढतो. पेपर वाचता येतो, माणसं ओळखता येतात. फक्त जिन्याची शेवटची पायरी चुकते, बाजूने येणारी स्कूटर एकदम अंगावर आल्यासारखी वाटते.

तिची मनधरणी करायची तर प्रेशर उतरवायचं, याहून खात्रीचा उपाय आज हाती नाही. स्वीडनमधल्या एका मोठ्या चाचणीत दर एक मिलिमीटर उतारामागे आजार वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी झाला. प्रेशर उतरवणारे थेंब घालून नजर सुधारल्यासारखी वाटत नाही, म्हणून लोक बाटली संपली की दुसरी आणत नाहीत. पण थेंब उरलेल्या तंतूंसाठी असतात. गेलेले परत येत नाहीत.

घरात कोणाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही, चाळिशीच्या आसपास तरी, बाहुली मोठी करून हिची भेट घ्यावी. सोबत कोणाला तरी न्या, पुढचे काही तास उन्हाने डोळे दिपतात.